फाटक आणि वालचंद : एका बांधकाम कंपनीची कुळकथा

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना आपल्या मंडळाच्या चिटणिसांनी विषयाचे बंधन घातले नाही. 'तरुणांस उद्योगधंद्याची गोडी लागेल असे काही लिहा,' एवढेच त्यांनी सुचविले. आपल्या घराघरांतून मुलगा हाताशी आला की पहिला विचार होतो तो नोकरीचा. त्यात गैर काहीच नाही. प्रस्तुत लेखकानेही चाळीस वर्षे शाळेची नोकरीच केली. परंतु धंदा म्हणजे वडिलोपार्जित दुकान किंवा सावकारी, आणि ज्याच्यापाशी ते नाही त्याने त्या वाटेस जाऊ नये, अशी जी एक समजूत आपल्यांत रुजली आहे ती तपासून पाहावी असे वाटते. त्यासाठी आपल्या ज्ञातीबाहेरचे, पण आपल्याच सोलापूर प्रांतातले एक उदाहरण निवडले आहे. ते म्हणजे शेठ वालचंद हिराचंद आणि त्यांच्या घराण्याची हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी.

वालचंदांचे नाव जहाजे, विमाने आणि मोटारी यांच्याशी जोडले जाते. शाळेच्या पुस्तकांतही तेच येते. पण या सर्वांच्या आधी, आणि या सर्वांच्या बुडाशी, जो धंदा होता तो माती खणण्याचा, दगड फोडण्याचा आणि चुना-सिमेंट कालविण्याचा, म्हणजे मक्तेदारीचा. मक्तेदार या शब्दास आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. कोणी त्यास ठेकेदार म्हणतो, मराठवाड्यात गुत्तेदार म्हणतात, शहरात कंत्राटदार. यांपैकी 'कंत्राट' हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला आहे. नावे चार असली तरी चारींच्या मागे लोकांच्या मनात शंका एकच असते. या शंकेस जागा नाही असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या रेल्वेतून आपण पुण्याहून मुंबईस जातो आणि मुंबईस ज्या नळाचे पाणी पितो, ती कामे कोणा ना कोणा मक्तेदाराच्याच हातून झालेली असतात.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरास झाला. घराणे दोशी आडनावाचे, गुजरातेतून येऊन सोलापुरात स्थिरावलेले, दिगंबर जैन. वडील हिराचंद नेमचंद हे सावकारी व कापसाचा व्यापार करीत. पण ते केवळ व्यापारी नव्हते. 'जैन बोधक' हे मासिक त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीतून सुरू केले. गुजराती घराण्यातील गृहस्थाने आपल्या समाजासाठी मराठीत मासिक काढावे, ही गोष्ट आपल्यासारख्या स्मरणिका काढणाऱ्या मंडळींनी मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. जन्मानंतर थोड्याच दिवसांत वालचंदांचे मातृछत्र हरपले. १८९९ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन ही दोन्ही कॉलेजे त्यांनी पाहिली, परंतु पदवी घेतली नाही. म्हणजे शिक्षणाच्या बाबतीत ते आणि प्रस्तुत लेखक एकाच पंक्तीचे; पुढच्या वाटा मात्र फार निराळ्या झाल्या!

घरच्या पेढीत त्यांचे मन रमेना. अशा वेळी त्यांची गाठ पडली लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी. हे फाटक रेल्वेतील माजी कारकून. त्यांच्याजवळ भांडवल नव्हते, पण रेल्वेचे काम आतून पाहिलेले होते, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातील खरी कळ हीच आहे.

रेल्वेच्या मक्त्याचे काम कसे चालते, हे थोडे सांगितले पाहिजे. रेल्वेचा इंजिनियर भरावाची, खोदाईची, मोऱ्यांची परिमाणे काढून निविदा मागवितो. मक्तेदार दर भरतो. काम मिळाले की प्रथम अनामत रक्कम भरावी लागते. नंतर मजूर आणावयाचे, त्यांना मजुरी वेळच्या वेळी द्यावयाची, फावडी-घमेली, सुरुंगाची दारू, बैलगाड्या सर्व आपण जमवावयाचे. काम झाले की त्याचे माप घेतले जाते, ते माप-वहीत चढते, आणि मग बिल निघते. त्या बिलातूनही काही भाग काम पुरे होईपर्यंत राखून ठेवला जातो. म्हणजे पैसा आज जातो आणि महिन्यांनी परत येतो. माप घेणारा कारकून काय लिहितो, कोणत्या कलमाखाली लिहितो, कठीण मुरूम आणि मऊ खडक यांत भेद कोठे करतो, यावर नफा-तोटा ठरतो. हे ज्ञान फाटकांजवळ होते. पैसा महिनोन्‌महिने अडकवून ठेवण्याची ताकद आणि बाजारातील पत वालचंदांच्या घराजवळ होती. एकाला दुसऱ्यावाचून गती नव्हती. एक ब्राह्मण कारकून आणि एक जैन सावकाराचा मुलगा यांनी १९०३ च्या सुमारास भागी केली आणि 'फाटक-वालचंद' ही पेढी उभी राहिली.

पहिले काम मिळाले ते बार्शी लाईट रेल्वेचे. ही अडीच फुटी रुळांची लहान गाडी आपल्या भागातील जुन्या मंडळींच्या चांगली परिचयाची. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा तिचा पहिला टप्पा झाला. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपुरास आणि १९११ मध्ये लातुरास पोचली. वारकऱ्यांनी कोंबून भरलेले तिचे डबे आमच्या वाडवडिलांच्या बोलण्यात नेहमी येत. या रुळांखालच्या भरावात एका मोठ्या कंपनीचे बीज पडलेले आहे हे त्यांस कोठून ठाऊक असणार? त्यानंतर पेढीस रेल्वेची आणखी कामे मिळत गेली, आणि पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत तिचा व्याप वाढला.

आता भागीच्या पेढीस एक मर्यादा असते. भागीदाराच्या घरादारापर्यंत देणेकऱ्याचा हात पोचतो, आणि दोन-चार घरांचे भांडवल कितीही म्हटले तरी एका घाटाला पुरत नाही. मोठी कामे घ्यावयाची तर लोकांचे भांडवल हवे आणि मोठे नावही हवे. १९२० मध्ये टाटांच्या सहकार्याने 'टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी' निघाली आणि फाटक-वालचंद पेढीचे काम तिच्यात विलीन झाले. नाव टाटांचे, पण काम चालविणारे वालचंद. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली. १९३५ मध्ये टाटा बाजूस झाले आणि टाटा कन्स्ट्रक्शनचे नाव 'प्रीमियर कन्स्ट्रक्शन कंपनी' असे पडले. वाचकांस या नावांचा घोळ वाटेल. पण कंपन्यांच्या इतिहासात हे चालावयाचेच. एका घरातील मुलींची नावे लग्नानंतर बदलावीत, तसे ते असते.

या काळातील सर्वांत मोठे काम बोरघाटाचे. त्याची पूर्वपीठिका सांगितल्यावाचून त्याचे महत्त्व कळणार नाही. बोरघाटातील मूळचा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, आणि तोही ठिकठिकाणी सदतिसास एक या प्रमाणाचा. प्रथमचा इंग्रज मक्तेदार फॅविएल याने काम सोडले. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल हा दुसरा मक्तेदार विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून मरण पावला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने मक्ता आपल्याकडे घेऊन, हाताखाली जाणते इंजिनियर ठेवून तो पुरा केला. ऐन भरात या घाटात चाळीस हजारांवर मजूर राबत होते, आणि पटकीने व अपघातांनी त्यांतले किती दगावले याची मोजदाद कोणी नीट ठेवली नाही. मक्तेदारीच्या इतिहासात ही बाजू सहसा लिहिली जात नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदविली. त्याच रेल्वेच्या कामावर जमशेटजी दोराबजी नावाचे पारशी मक्तेदार होते आणि त्यांनी कित्येक तुकडे उत्तम रीतीने पुरे केले. तेव्हा वालचंदांच्या पूर्वी एतद्देशीय मक्तेदार मुळीच नव्हते असे जे कोठे कोठे लिहिलेले आढळते ते बरोबर नाही.

या मूळच्या मार्गात एक मोठी अडचण होती. चढ एका दमात चढविता येईना, म्हणून खंडाळ्याखाली एका ठिकाणी गाडी कड्याच्या टोकाशी नेऊन थांबवीत. मग एंजिन पहिल्या टोकाकडून काढून दुसऱ्या टोकास जोडीत आणि गाडी उलट्या दिशेने वर चढे. यास 'रिव्हर्सिंग स्टेशन' म्हणत. दर गाडीमागे वेळ जाई, आणि एका वेळी मोठी गाडी नेता येत नसे. १९२० नंतर जी. आय. पी. रेल्वेने या मार्गावर वीज आणण्याचे ठरविले तेव्हा हे वळण काढून टाकणे भाग पडले. त्यासाठी डोंगराच्या पोटातून नवे बोगदे खणावयाचे होते. असले काम बहुधा इंग्रजी कंपन्यांकडे जात असे. ते वालचंदांच्या कंपनीने घेतले आणि पुरे केले. १९२९ मध्ये नवा मार्ग सुरू झाला आणि रिव्हर्सिंग स्टेशन इतिहासजमा झाले. सह्याद्रीचा काळा पाषाण भेदण्याचे काम कसे चाले, याची कल्पना आज येणे कठीण. हाताने किंवा हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने भोके पाडावयाची, त्यांत दारू ठासावयाची, बार उडवावयाचे, धूर निवेपर्यंत थांबावयाचे आणि मग दगड बाहेर काढावयाचा. दिवसाकाठी काही फूटच पुढे सरकावयाचे, आणि पावसाळ्यात डोंगर वरून पाझरत असावयाचा.

याच सुमारास तानसा तलावापासून मुंबईपर्यंत पाण्याचे मोठे नळ टाकण्याचे कामही या मंडळींनी केले. शिवाय दूरच्या दोन नद्यांवर ही मंडळी गेली. एक सिंधू, कालाबाग येथे. ते स्थळ आता पाकिस्तानात आहे. दुसरी ब्रह्मदेशातील इरावती. इरावतीवरील आवाचा पूल १९३४ मध्ये खुला झाला. १९४२ मध्ये जपान्यांपुढून माघार घेताना ब्रिटिशांनीच त्याचे काही गाळे उडविले, १९५४ मध्ये तो पुन्हा जोडला गेला, आणि २८ मार्च २०२५ च्या भूकंपात तो कोसळला. सोलापूर जिल्ह्यातील अडीच फुटी रुळांपासून निघालेली मंडळी तीस वर्षांत इरावतीच्या पात्रात पोचली, हे अंतर लहान नव्हे.

वालचंदांच्या इतर उद्योगांविषयी येथे थोडक्यात लिहितो, कारण त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदींसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तिचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले, आणि तोच दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. रावळगाव आणि वालचंदनगर येथे ऊस व साखर, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स. यांपैकी वालचंदनगरची हकिगत मात्र आपल्या विषयास लागून आहे. त्या कारखान्याची मूळ कंपनी 'मार्सलँड प्राइस अँड कंपनी' ही १९०८ मध्ये नोंदलेली बांधकामाचीच कंपनी होती. बांधकामातून शेती आणि शेतीतून साखर, असा तो प्रवास झाला. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर ज्यांनी गाव वसविले, त्यांस रस्ते, गटारे, पाणी यांसाठी दुसऱ्याकडे जावे लागले नाही, हे उघड आहे.

१९४९ मध्ये वालचंदांस अर्धांगाचा झटका आला आणि ते कामातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. आपल्याकडे मूळ पुरुष गेला की पेढीची वाटणी होते, वाटणीतून वाद होतो, आणि दहा वर्षांत पाटी उतरते. येथे तसे झाले नाही. गुलाबचंद, रतनचंद, लालचंद हे बंधू होते आणि कंपन्या एकत्र न ठेवता त्या घराच्या निरनिराळ्या शाखांकडे गेल्या. मोटारींचा व्याप लालचंदांच्या शाखेकडे, हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन गुलाबचंदांच्या शाखेकडे आणि पुढे त्यांचे पुत्र अजित गुलाबचंद यांच्याकडे. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास वालचंदांचे नाव १९५५ मध्ये मिळाले. सावकारीवर वाढलेल्या घराण्याचे नाव इंजिनियर घडविणाऱ्या शाळेवर लागले, ही गोष्ट शिक्षक या नात्याने मला जहाजांहूनही मोठी वाटते.

स्वराज्यानंतर कंपनीस कामांची वाण पडली नाही. गुवाहाटीचा सराईघाट पूल १९६२ मध्ये पुरा झाला. ब्रह्मपुत्रेवरील तो पहिला पूल. त्यापूर्वी आसामच्या दोन तीरांमध्ये आगगाडीचे डबे नावेतून न्यावे लागत. गंगेवरील फराक्का बंधारा सव्वादोन किलोमीटर लांबीचा, तो १९७५ मध्ये कार्यान्वित झाला. अशा नद्यांत पाया घालावयाचा म्हणजे काय, हे सांगण्याजोगे आहे. तळाशी खडक लागतच नाही. वाळू आणि गाळच. तेव्हा पात्रात धारदार कड्यावर एक प्रचंड पोकळ विहीर बांधावयाची, तिच्या पोटातील वाळू उपसत राहावयाचे, आणि विहीर आपल्याच भाराने खाली खाली बसत जावयाची. ती कलली तर सरळ करावयाची. शंभर-सव्वाशे फूट खाली गेल्यावर मग तळ बुजवून तिच्यावर खांब उभा करावयाचा. आपण विहीर पाण्यासाठी खणतो. ही मंडळी विहीर पुरून तिच्यावर पूल उभारतात! आणि हे सर्व दोन पावसाळ्यांच्या मधल्या अवघ्या काही महिन्यांत.

केरळातील इडुक्की धरण हे याच कंपनीचे दुसरे नामांकित काम. कुरवन आणि कुरत्ती या दोन डोंगरांच्या खिंडीत ते कमानीसारखे वळवून बसविले आहे. उंची १६९ मीटर. कमान वळलेली असल्यामुळे पाण्याचा दाब भिंतीवर न राहता दोन्ही डोंगरांत उतरतो. १९७६ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. पुढच्या काळात काश्मिरातील पीर पंजाल पर्वताखालचा अकरा किलोमीटरांचा रेल्वे बोगदा २०१३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तोही यांच्याच हातचा. बोरघाटात सुरुंग लावून सुरुवात करणाऱ्यांचे ते स्वाभाविक पुढचे पाऊल होते.

मुंबईकर वाचकांस मात्र कंपनीचे नाव कळले ते वांद्रे-वरळी सागरी सेतूमुळे. १९९९ मध्ये पायाभरणी झालेले हे काम ठरल्या मुदतीत झाले नाही. आराखड्यात फेरफार, न्यायालये, मच्छीमारांच्या तक्रारी, पैशांची ओढाताण अशा नाना कारणांनी ते लांबले. अखेर ३० जून २००९ रोजी उद्‌घाटन झाले, तेही प्रथम निम्म्या मार्गिकांचे. लांबी ५.६ किलोमीटर.

या वैभवाच्या काळातच कंपनीच्या पायाशी पाणी लागले होते. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात वरसगाव धरणाच्या काठी 'लवासा' नावाचे नवे शहर वसविण्याचा घाट तिने घातला. दुसऱ्यासाठी बांधणाऱ्याने स्वतःसाठी नगर बांधण्याची ही उडी होती. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण खात्याने पूर्वपरवानगीच्या प्रश्नावरून काम थांबविले. वर्षाने अटींसह परवानगी मिळाली, पण गेलेला वेळ आणि चढलेले व्याज परत आले नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये लवासा कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. खात्याचे बरोबर होते की कंपनीचे, यावर पुण्यात आजही दोन पक्ष आहेत. माझे मत विचाराल तर डोंगर, जंगल आणि पाणी यांच्या परवानग्या खिशात पडण्याआधी लोकांच्या ठेवींवर शहर उभारावयास निघणे, हे फाटकांच्या हिशेबात बसणारे नव्हते.

परंतु संकटाचे मूळ केवळ लवासा नव्हे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. सरकारी खात्यांशी बिलांवरून तंटा झाला की तो लवादाकडे जातो. लवादाने मक्तेदाराच्या बाजूने निवाडा दिला तरी खाते न्यायालयात जाई, आणि १९९६ च्या कायद्याच्या त्या वेळच्या अर्थानुसार केवळ अर्ज दाखल झाला की निवाड्याची अंमलबजावणी आपोआप थांबे. पैसा वर्षानुवर्षे अडकून पडे, बँकेचे व्याज मात्र रोज चढे. २०१५ मध्ये कायदा सुधारून ही आपोआप स्थगिती काढली. २०१६ मध्ये बँकेच्या हमीवर निवाड्याची पाऊणपट रक्कम मक्तेदारास द्यावी, असेही मंत्रिमंडळाने ठरविले. पण २०१९ मध्ये ८७ वे कलम घालून जुन्या खटल्यांना पुन्हा तीच स्थगिती लागू केली गेली. त्याविरुद्ध जी दाद मागितली गेली तिच्यात अर्जदार हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच होती. आणि २७ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द ठरविले. या निकालाचा लाभ देशातील लहानमोठ्या सर्व मक्तेदारांस झाला. तालुक्याच्या गावी शाळेची खोली किंवा रस्त्याची मोरी बांधणारे आपल्या ज्ञातीतीलही काही तरुण आहेत. त्यांनी हा निकाल वकिलाकडून समजावून घेतल्यास बरे.

घराण्याच्या इतर शाखांकडे पाहिले तर प्रीमियर पद्मिनी मोटारी मुंबईच्या टॅक्सीतळांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या, आणि रावळगावच्या गोळ्यांची नावे २०२४ मध्ये दुसऱ्या मोठ्या कंपनीने २७ कोटींस घेतली. बांधकामाची कंपनी मात्र कर्जाच्या ओझ्यासह काम करीत राहिली. मुंबईच्या किनारी रस्त्याचा वरळीकडचा भाग तिने एका कोरियन कंपनीच्या भागीने घेतला. २०२४ मध्ये धनुष्याकृती लोखंडी तुळया बार्जवरून समुद्रात आणून, भरती-ओहोटीची वेळ साधून, त्या किनारी रस्ता आणि सागरी सेतू यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसविण्यात आल्या, आणि त्याच वर्षी त्यांवरून वाहने धावू लागली.